जीप-दुरुस्ती, घरगुती (सातारा जिल्हा)

वयाने जुन्या झालेल्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारगाड्यांची मालकाने स्वतः किंवा घरच्या माणसांच्या मदतीने केलेली देखभाल व दुरुस्ती. सातारा जिल्ह्यात या गाड्यांत प्रामुख्याने विलिस (मूळ अमेरिकी कंपनी) व महिंद्र बांधणीच्या जीप आणि काही प्रमाणात मारुती जिप्सी येतात. नट-बोल्ट आवळणे, ग्रीस भरणे, ब्रेकची हवा काढणे ही कामे सर्वपरिचित असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही.

संज्ञा : ‘जीप’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘जनरल पर्पज’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो आला, हे मत सर्वाधिक प्रचलित असले तरी त्याचा आधार कच्चा आहे. फोर्ड कंपनीच्या ‘जीपीडब्ल्यू’ या संकेतात ‘जी’ म्हणजे सरकारी, ‘पी’ म्हणजे ८० इंच चाकतळाची (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) गाडी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विलिसचा आराखडा. त्यात ‘सर्वसाधारण वापर’ कोठेच नाही. दुसरे मत पॉपायच्या चित्रमालिकेत १९३६ मध्ये अवतरलेल्या ‘युजीन द जीप’ या कुठेही पोहोचणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार नवख्या सैनिकाला व अजून पारखून न घेतलेल्या गाडीला अमेरिकी लष्करात आधीपासूनच ‘जीप’ म्हणत असत. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रमालिकेने शब्द लोकप्रिय केला व १९४१ च्या सुमारास वृत्तपत्रांनी तो या गाडीला कायमचा चिकटवला, असा क्रम संभवतो. मराठीत ‘जीपगाडी’ व सलगीने ‘जिपडं’ ही रूपे रूढ झाली. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात माणसे भरून नेणाऱ्या जीपला ‘वडाप’ म्हणतात. ‘ओढणे’चे बोलीरूप ‘वडणं’. प्रवासी ओढून भरण्याच्या रीतीवरून हा शब्द साधला असावा.

पूर्वपीठिका : पहिला नमुना अमेरिकेतील बँटम कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये लष्करापुढे ठेवला, मोठे उत्पादन मात्र विलिस व फोर्ड यांनी केले. भारतात महिंद्र कंपनीने विलिस जीप सुट्या भागांच्या रूपात आणून मुंबईत जोडण्यास सुरुवात केली. याचे वर्ष काही ठिकाणी १९४७ तर काही ठिकाणी १९४९ असे आढळते. पहिले वर्ष आयातीचे व दुसरे माझगाव येथील जोडणीचे धरल्यास विसंगती बरीचशी मिटते. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार झाली. भारतात तिची परंपरा त्यानंतरही चालू राहिली. पुढे २,११२ घ.सेंमी. क्षमतेचे प्यूजो आराखड्याचे डिझेल एंजिन असलेली एमएम ५४० आली. ९७० घ.सेंमी. पेट्रोल एंजिनाची जिप्सी १९८५ अखेरीस बाजारात उतरली.

या भागाला लोखंडकामाची ओळख जीपच्या आधीची आहे. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर व पुढे डिझेल एंजिने बनत, तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरचे ऑइल एंजिन खोलून पुन्हा बसवणारा माणूस गावोगाव असे. नोझल, प्लंजर, हेड गॅस्केट हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी जीपमुळे नव्हे, या एंजिनामुळे आले असावेत. घरगुती जीप-दुरुस्तीचे मूळ लष्करी वर्कशॉपपेक्षा विहिरीच्या काठावर शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

भूगोल व देखभाल : जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर परिसरात वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण-खटाव हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. त्यामुळे एकाच गाडीची निगा दोन टोकांना दोन प्रकारे घ्यावी लागते. बामणोली, तापोळा, कोयना खोऱ्यात शत्रू पाणी. ओढ्यातून गाडी काढताना तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरसंच) एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि श्वासनळी (ब्रीदर) चिखलाने बुजलेली असल्यास ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसू लागले की ते तत्काळ बदलावे. चाकाच्या हबमधले पांढरट पडलेले ग्रीसही तसेच. जांभ्याचा तांबडा चिखल चासीच्या पोकळीत व फ्लोअरच्या पत्र्याखालच्या पट्ट्यांत साठून ओल धरतो. वरून रंग शाबूत असताना पत्रा आतून जातो तो याच जागी, म्हणून पावसाळा संपताच खालून पाण्याचा मारा करून गाडी उन्हात वाळवण्याची रीत पडली आहे. ती मनापासून पाळावी अशीच आहे.

माण तालुक्यातील दहिवडी-म्हसवडकडे शत्रू फुफाटा. जुन्या विलिस जीपमध्ये हवा गाळण्यासाठी ऑइलची वाटी असलेला एअर क्लीनर असतो. हवा ऑइलवर आपटून वळते आणि जड धूळ वाटीत बसते. गाळ साचून वाटी उथळ झाली की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. रॉकेलने वाटी धुऊन खुणेपर्यंतच ऑइल भरावे. जास्त भरल्यास एंजिन ते ओढून घेते. उन्हाळ्यात पेट्रोल जीपच्या नळीत इंधनाची वाफ होऊन खंबाटकीसारख्या घाटात गाडी बंद पडते. एंजिनाजवळच्या इंधनपंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबणे, हा यावरचा साधा व योग्य इलाज होय.

स्टिअरिंगची थरथर : या विषयात सर्वाधिक मतभेद याच दोषाबद्दल आहेत. ठरावीक वेगाला खड्डा लागताच पुढची चाके जोरजोराने डावी-उजवी फडफडतात आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाहीत. बरेच मिस्त्री चाकांचे बॅलन्सिंग किंवा स्टिअरिंगला धक्काशोषक जोडणे सुचवतात. त्याने लक्षण दबते, कारण राहते. विलिस घराण्याच्या पुढच्या ॲक्सलला टोकांशी बंद गोलक असतात. त्यांतील किंगपिन (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती) बेअरिंगांवरचा दाब पातळ पत्र्यांच्या शिमांनी ठरतो. बेअरिंग झिजली की तो दाब जातो. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबून ठेवल्यावरही खुळखुळ राहिली तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये नसून किंगपिनमध्ये आहे. शिम काढताना वरच्या व खालच्या बाजूची जाडी शक्य तितकी सारखी ठेवावी, अन्यथा आतला शाफ्ट मध्यावर राहत नाही. यानंतर मधला बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा सांधा), टाय रॉडचे (चाके जोडणाऱ्या दांड्याचे) जोड आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे बुश पाहावेत. पाटे बदलताना ॲक्सलचा मागे झुकणारा कोन (मूळ सुमारे ३ अंश) बिघडला, तर नवे भाग घालूनही थरथर परतते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते शिमांपासून सुरुवात करणे हाच क्रम बरोबर आहे.

गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल घालावे हा दुसरा वाद. ‘नव्वद नंबर’ (दाटपणाचा आकडा) एवढ्या सांगण्यावर दुकानातून मिळेल ते घेतले जाते. सीजेच्या गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी असल्याने जीएल-५ प्रतीच्या ऑइलमधील गंधकयुक्त घटक त्यांना बाधतात असे मानणारा पक्ष मोठा आहे. काही आधुनिक जीएल-५ ऑइले निर्धोक असल्याचेही प्रतिपादन केले जाते. जीएल-४ वापरण्यात कोणताच धोका नसल्याने तेच बरे. डिफरन्शियलमध्ये मात्र जीएल-५ चालते.

एक धोका मुद्दाम नोंदवला पाहिजे. सीजे-३बी व तिच्या आधीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीमागे) शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावर घरंगळते. पसरणीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात पंक्चर काढताना फोर-व्हील व गिअर टाकून, शिवाय जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावूनच जॅक चढवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. जुन्या ब्रेक शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

जिप्सीबाबत वेगळे सांगण्यासारखे थोडेच : ती हलकी व खात्रीची, पण पत्र्याच्या गंजाला लवकर बळी पडणारी.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते, पुढे योग्यता तपासणीनंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. इंधनखर्चामुळे अनेक पेट्रोल जीपमध्ये डिझेल एंजिने बसवली गेली. असा बदल परवानगीने करून नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, मात्र चासी, बॉडी वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. डिझेलवर नेलेली जुनी जीप त्यामुळे वयाने पात्र ठरली तरी या वर्गात बसत नाही. व्हिंटेज नोंद हवी असणाऱ्यांना मूळचे पेट्रोल एंजिन शोधावे लागते.