भुईकाट्याची वजाबाकी आणि एकाच लहरीवर दोन फोन

केळीची गाडी भुईकाट्यावर कशी मोजतात ते रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको. आधी रिकाम्या गाडीचं वजन, मग भरलेल्या गाडीचं, वजाबाकी केली की माल कळला, माल उतरवून वेगळा कोणी मोजत बसत नाही. पुढच्या मोबाईल नेटवर्कसाठी नोमा, म्हणजे नॉन-ऑर्थोगोनल मल्टिपल ॲक्सेस, नावाची पद्धत आहे ती हीच वजाबाकी लहरींवर करते, आणि मला ती फार आवडते.

आजवर टॉवर प्रत्येकाला वेगळा वाटा देत आला. टूजीत वेळेचे तुकडे, जीएसएमच्या एका चॅनलवर आठ जण पाळीपाळीने. फोरजीत फ्रिक्वेन्सीचे १५ किलोहर्ट्झचे बारीक पट्टे. भांडण नाही, पण सारंगखेड्याच्या यात्रेसारखी गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येतो.

नोमात वाटेच नाहीत. समजा एक फोन टॉवरजवळ रावेर स्टँडवर आणि दुसरा लांब सातपुड्याच्या पायथ्याला मळ्यात. टॉवर दोघांचे सिग्नल एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर, एकमेकांवर चढवून सोडतो, फक्त ताकद वेगळी, मळ्यातल्याला समजा ८० टक्के आणि स्टँडवरच्याला २०. मळ्यातल्या फोनला स्वतःचा सिग्नल मोठा ऐकू येतो, दुसरा खरखर समजून तो सोडून देतो. स्टँडवरचा फोन मात्र आधी मळ्यातल्याचा सिग्नल उलगडतो (जे मळ्यात उलगडतं ते टॉवरखाली उलगडणारच), तीच लहर स्वतः परत तयार करतो, आलेल्या सिग्नलमधून वजा करतो, उरलं ते त्याचं. यात मळ्यातल्याचा मेसेज वाचला जात नाही, त्याला एन्क्रिप्शनचं कुलूप वेगळं असतं.

आता हिशोब बघा. स्टँडवर सिग्नल खरखरीच्या १०० पट आणि मळ्यात खरखरीइतकाच धरला, तर पट्टा निम्मा-निम्मा वाटण्यापेक्षा नोमात स्टँडवरच्याचा वेग सुमारे ३२ टक्के वाढतो आणि मळ्यातल्याचा ४७ टक्के. कागदावरचा, सगळं बिनचूक धरून केलेला हिशोब आहे हा, पण लांबच्याचा वेग टक्क्यांत जास्त वाढतोय ही गोष्ट आमच्या भागासाठी छोटी नाही. दोघं टॉवरपासून सारखेच असते तर फायदा शून्य.

खरी अडचण वजाबाकीतच आहे. रिकाम्या गाडीचं वजन ५० किलोने चुकलं तर मालही ५० किलोने चुकतो, तसंच पहिला सिग्नल चुकीचा उलगडला की दुसरा गेलाच. शिवाय फोनला काम जास्त, म्हणजे बॅटरीही जास्त.

सिग्नल एकमेकांवर चढवायची मूळ कल्पना अमेरिकन संशोधक थॉमस कव्हर यांनी १९७२ मध्ये मांडली, अमेरिकेतल्या नव्या टीव्ही प्रसारणाच्या मानकात तिचा एक प्रकार आहे. फाईव्हजीसाठी २०१८ पर्यंत अभ्यास झाला पण तिथे मानकात घेतलं नाही, आता सिक्सजीच्या चर्चेत परत आलीय.

मला मात्र उलट्या दिशेचा, फोनकडून टॉवरकडे जाणारा नोमा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे वजाबाकीचं सगळं ओझं टॉवर उचलतो. केळीच्या बागेत ड्रिपच्या नळीशेजारी मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर असतो, त्याला पाठवायचे असतात दोन आकडे, आणि आज त्यासाठी त्याला आधी टॉवरकडे जागा मागावी लागते, उत्तराची वाट बघत बॅटरी जाते. नोमाने परवानगी न मागता त्याला थेट बोलता येईल, शेजारच्या बागेतला सेन्सर त्याच क्षणी बोलत असला तरी.