भेगा पडल्या म्हणजे दुष्काळच असं नाही

उन्हाळ्यात दुष्काळाची बातमी आली की सोबत भेगाळलेल्या जमिनीचा फोटो असतोच. नागपूरला कृषी शिकायला येईपर्यंत भेगा म्हणजे जमीन मेली, असंच मला वाटायचं. मग मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एका वावराच्या धुऱ्यालगत आम्ही खड्डा खणला. कमरेएवढ्या खोलीवर मातीचे तिरपे पृष्ठभाग चकाकत होते, बोट फिरवलं तर पाटीसारखे गुळगुळीत. मातीवर मातीच घासून ते घोटले गेले होते.

विदर्भातली काळी माती मुख्यतः सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून बनली. तिच्यातलं स्मेक्टाइट हे खनिज म्हणजे पापुद्र्यांची चळत. प्रत्येक पापुद्र्यात सिलिकाचे दोन थर, मधे ॲल्युमिनाचा एक. त्या मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं आणि पापुद्र्यावर ऋणभार उरतो. तो भागवायला कॅल्शियमसारखे धनभारित आयन पापुद्र्यांच्या मधे येतात. पाऊस पडला की हे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढतात, पापुद्रे एकमेकांपासून सरकतात, आणि अख्खं वावर फुगतं. सुकलं की आकसतं, भेगा पडतात. वरची भुरभुरीत माती त्यांत घरंगळते. पुढच्या पावसात खालची माती फुगायला जाते तर जागाच नसते, म्हणून ती तिरपी वर सरकते. अशा मातीला शास्त्रात व्हर्टिसॉल म्हणतात; हे नाव लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या क्रियापदावरून आलं, ते यामुळेच.

अशा जमिनीवर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. लोक वास्तुदोष समजून शांती करतात. तो खर्च पाया मुरमापर्यंत नेण्यावर करावा.

चराईचा प्रश्नही इथेच येतो. पहिला पाऊस भेगांतून थेट खोल उतरतो. माती फुगून भेगा मिटल्या की पाणी अगदी हळू मुरतं आणि वर साचतं. अशा ओल्या कुरणात गुरं सोडली तर खुरांखाली माती मळली जाते, तिच्यातली हवेची जागा दाबली जाते आणि गवताची बुडं उखडतात. गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात, त्यामुळे शेंडे खाल्ले तरी ते पुन्हा फुटतं; बूडच गेलं तर काय फुटणार? म्हणून पावसाळ्यात मारवेलसारखं चाऱ्याचं गवत कापून गोठ्यात घालावं आणि जमीन वापशावर आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निघून माती नुसती ओलसर राहिल्यावरच, गुरं आत सोडावीत.

त्या खड्ड्याच्या वरच्या वीतभर थरात मुळांचं दाट जाळं होतं. ढेकूळ हातात घेतलं तर मुळांना धरून लोंबत राहिलं.