‘तेव्हा हे चालायचं’? नाही!

इंदूरच्या मराठी घरांत जुना प्रेमपट लागला आणि नायकाने नायिकेची वाट अडवली की कुणीतरी म्हणतंच, “तेव्हा हे कुणाला खटकत नव्हतं, कायदाही नव्हता.” दोन्ही चूक. शब्दांनी, हावभावांनी बाईची अप्रतिष्ठा करणं १८६० च्या दंड संहितेपासूनच गुन्हा होतं, कलम ५०९. २०१३ मध्ये भर पडली ती पाठलागाच्या स्वतंत्र कलमाची. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८. आणि खटकण्याचं म्हणाल, तर १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटातली नायिका नीरा म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न साफ नाकारते!

प्रसंग तपासताना नकारानंतरचं बघा: नायक थांबतो, की शेवटच्या कडव्यापर्यंत तीच हसू लागते? नुसत्या गाण्याच्या क्लिपवरून निवाडा फसतो. आधीचा नकार त्यात नसतोच.