तो सिलिंडरचा फोटो आधी काढून टाका

बातमी असते कतार एलएनजीची, म्हणजे द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, क्षमता वाढवतोय याची आणि शेजारी फोटो असतो खांद्यावर लाल सिलिंडर घेतलेल्या माणसाचा. मग कोणीतरी विचारतंच, "जगात गॅस एवढा उतरला, मग आमचा सिलिंडर का उतरत नाही?" प्रश्न रास्त आहे. फक्त तो दुसऱ्याच गॅसबद्दल आहे.

सिलिंडरातला एलपीजी तुम्हाला माझ्याइतकाच माहीत आहे. प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, 14.2 किलो, रेग्युलेटर, नळी, संपत आला की तिरका करून हलवणं (करू नये, पण सगळे करतात). त्यावर वेळ घालवत नाही.

एलएनजी म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथेन. पाइपने घरी येणारा पीएनजी, रिक्षातला सीएनजी आणि जहाजातला एलएनजी, हे तिन्ही मिथेनच. पहिला अगदी कमी दाबाने येतो, दुसरा साधारण 200 बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 200 पटीला, दाबलेला असतो, तिसरा गार करून द्रव केलेला असतो. "आमच्या सोसायटीत एलएनजीची लाइन आली" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. खरा एलएनजी त्या नळीत आला तर चहा बाजूला राहील, नळीच तडकेल.

किरकोळ फरक दोन ओळींत उरकतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, वर जातो. वास दोघांनाही नसतो, तो मागाहून घातलेला असतो. बस.

आता ज्या फरकापाशी सगळे घसरतात तिकडे येऊ. दोन्ही नावांत "लिक्विफाइड" आहे, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही वायू एकाच पद्धतीने द्रव होत असतील. तसं होत नाही. एलपीजी दाबला की द्रव होतो. एलएनजी गार केला तरच होतो.

प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. म्हणजे पुण्या-नागपूरच्या तापमानातही थोडा दाब दिला की दोघं मुकाट्याने द्रव होतात आणि दाब आहे तोवर तसेच राहतात. घरातला सिलिंडर सहा महिने न वापरता ठेवा, आतलं आत राहतं. त्याला ना वीज लागते, ना राखण.

मिथेन असा ऐकत नाही. उणे 82 अंशांच्या वर त्याला कितीही दाबा, तो द्रव होतच नाही; रिक्षातल्या टाकीत 200 बारलाही तो वायूच असतो. आधी त्याला खूप गार करावं लागतं, आणि साध्या दाबाला द्रव हवा असेल तर थेट उणे 162 अंशांपर्यंत. बदल्यात आकारमान जवळपास 600 पटींनी कमी होतं आणि जहाजात भरण्याजोगं काही हाती येतं.

पण तो जहाजात गार राहतो कसा? बहुतेकांना वाटतं जहाज म्हणजे मोठा फ्रीज. त्यापेक्षा माठ आठवा. माठातलं थोडं पाणी झिरपून उडतं आणि उरलेलं गार राहतं. एलएनजीच्या टाकीतही तेच घडतं. जाड आवरणातूनही थोडी उष्णता आत शिरते, थोडा द्रव उकळून जातो आणि जाताना उरलेल्याला थंड ठेवतो. नव्या जहाजात दिवसाला साधारण हजारातला एक भाग असा जातो. तो वाया घालवत नाहीत, त्यावर जहाजाचं इंजिन चालतं. म्हणजे हा माल वाटेत स्वतःलाच थोडाथोडा खात येतो. एलएनजीवरचा ट्रकही बरेच दिवस नुसता उभा ठेवला तर टाकीतला दाब चढत जातो आणि शेवटी वायू बाहेर सोडावा लागतो. तुमचा सिलिंडर असलं काही करत नाही.

एवढं डोक्यात बसलं की या बाजाराचं विचित्र वागणं आपोआप उलगडतं. गार करायला प्रचंड कारखाना हवा; मोठ्या प्रकल्पाला हजार कोटी डॉलर सहज लागतात. खास जहाज हवं, नवं घेतलं तर 20 कोटी डॉलरच्या वर. उतरवायला टर्मिनल हवं, पुन्हा वायू करायची यंत्रणा हवी. आणि माल साठवून भावाची वाट बघत बसता येत नाही, कारण माठ झिरपतच असतो. त्यामुळे गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय कोणी पाया खणत नसे. करार 20-25 वर्षांचे. माल उचला नाही तर पैसे द्या. आणि ठरलेलं बंदर सोडून दुसरीकडे न्यायचा नाही. दर बहुधा कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला. एलएनजी आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीने 1999 मध्ये कतारच्या रासगॅसशी केलेला 25 वर्षांचा करार याच साच्यातला. त्याचा माल 2004 पासून गुजरातच्या दहेज बंदरात येऊ लागला. जहाज म्हणजे एसटीची ठरलेली फेरी होती.

या दहा वर्षांत त्या एसटीचं वडाप झालं. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकेच्या सबीन पासहून पहिलं जहाज निघालं. तिथल्या करारांत दर तेलाला नाही तर अमेरिकेतल्याच हेन्री हब या गॅसभावाला बांधलेला आणि माल कुठेही न्यायची मुभा. 2023 मध्ये अमेरिका जगातली सगळ्यात मोठी निर्यातदार झाली. आता भर समुद्रात जहाज वळतं. जिथे भाव जास्त तिथे सीट भरते.

वडाप स्वस्त पडतं तेव्हा फार गोड वाटतं. 2015 मध्ये कराराविना रोखीने मिळणाऱ्या मालाचे भाव पडले तसा पेट्रोनेटने कतारकडून कराराइतका माल उचललाच नाही, आणि वर्षअखेरीस दराचं सूत्र बदलून घेतलं, दंडही माफ करवून घेतला. एप्रिल 2020 मध्ये आशियातला रोखीचा भाव एमएमबीटीयूला (गॅस उष्णतेवर मोजायचं एकक) 2 डॉलरच्याही खाली गेला. मार्च 2022 मध्ये तोच 80 डॉलरच्या पुढे. रशियाचा पाइपचा गॅस आटला आणि युरोपने मिळेल तो माल मिळेल त्या दराने उचलला. तोवर एकही एलएनजी टर्मिनल नसलेल्या जर्मनीने वर्षाच्या आत विल्हेल्म्सहाफेनला तरंगतं टर्मिनल उभं केलं. इकडे पाकिस्तानच्या निविदांना बोली येईना, बांगलादेशने रोखीची खरेदीच थांबवली आणि लोकांनी अंधार सोसला. करार म्हणजे पक्की हमी असंही नाही. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा एक दीर्घ करार रशियाच्या गॅझप्रॉमच्या व्यापारी शाखेशी होता. जर्मन सरकारने त्या शाखेचा ताबा घेतला आणि भारताची जहाजं यायची थांबली.

तरीही "करार हे जुनाट प्रकरण, आता सगळं रोखीने घ्या" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 2015 मध्ये करार ओझं वाटत होता, 2022 मध्ये तोच आसरा ठरला. पेट्रोनेटने फेब्रुवारी 2024 मध्ये कतारचा वर्षाला 75 लाख टनांचा करार 2048 पर्यंत वाढवून घेतला, ते मला तरी शहाणपणाचं वाटतं.

एलएनजीत करारापासून टर्मिनलपर्यंत सगळी साखळी जुळावी लागते, हा धडा महाराष्ट्राला फार आधी मिळाला होता. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या इंधनावर. एलएनजी दुसऱ्या टप्प्यात यायचा होता. 2001 मध्ये सगळंच बंद पडलं आणि तिथलं टर्मिनल चालू व्हायला 2013 उजाडलं. तेही पुढे अनेक वर्षं पावसाळ्यात बंद, कारण लाटा अडवणारा बांध अपुरा आणि उणे 162 अंशांचा माल हेलकावणाऱ्या जहाजातून उतरवता येत नाही. (आणि हो, "दाभोळ प्रकल्प" दाभोळला नाही. तो गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. दाभोळ खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात.)

आता सिलिंडर का उतरत नाही ते. आपण एलपीजीही निम्म्याहून जास्त बाहेरूनच आणतो, बराचसा आखातातून, म्हणजे कतारच्या एलएनजीसारखाच होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. वाट एक, भाव वेगळे. एलपीजीचा आधार सौदी अरामको ही तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते तो प्रोपेन-ब्युटेनचा दर. हॉटेलच्या 19 किलोच्या सिलिंडरचा भाव त्यामागोमाग बहुधा 1 तारखेला हलतो. घरच्या सिलिंडरच्या भावात सरकारचा हात असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. जपान-कोरियाच्या बाजारात एलएनजी निम्म्यावर आला तरी या दोन्ही हिशेबांत त्याचा रकाना नाही.

त्याचा रकाना खतात आहे, कारण युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातसुद्धा. आणि सीएनजीत आहे. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरांना मिळणारा स्वस्त देशी वायू कापला गेला, कंपन्यांना महाग वायूने तूट भरावी लागली आणि नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी किलोमागे 2 रुपयांनी चढला. त्या बातमीलाही सिलिंडरचाच फोटो होता.