जंगल वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

एखादं जुनं, मिश्र जंगल साफ करून तिथे निलगिरी लावली, तरी कागदोपत्री वनक्षेत्र एका हेक्टरनेही घटत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्ध्या हेक्टरहून मोठा तुकडा, पाच मीटरहून उंच होणारी झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त पर्णछत्र एवढं असलं की सहसा ते 'वन'. रबराची लागवड त्यात बसते, तेलताडाची बसत नाही.

निव्वळ आकडाही असाच फसवा. २०१५ ते २०२५ या काळात जगात दरवर्षी सुमारे १.०९ कोटी हेक्टर जंगल नष्ट झालं. नवी लागवड आणि आपोआप उगवलेलं रान वजा केलं की घट उरते जेमतेम ४१ लाख हेक्टर!

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या पंधराव्या उद्दिष्टात वनव्यवस्थापनाची प्रगती पाच मापांनी बघतात: क्षेत्रातला बदल, जमिनीवरचा जैवभार (म्हणजे झाडांचं सुकं वजन), संरक्षित वनाचं प्रमाण, दीर्घकालीन आराखड्याखालचं वन आणि त्रयस्थांनी प्रमाणित केलेलं वन.

यात खरं कसब लागतं ते जैवभाराला. उभं झाड तराजूत घालता येत नाही. मग छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, झाडाची उंची आणि लाकडाची घनता घेऊन सूत्राने वजन काढतात. ही सूत्रं मात्र कधीतरी काही झाडं तोडून, सुकवून, प्रत्यक्ष वजन करूनच बसवलेली असतात. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने सोडलेल्या 'बायोमास' उपग्रहाच्या रडारलहरी सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या आहेत. त्या पानं-डहाळ्या ओलांडून खोडांवरून आणि जाड फांद्यांवरून परततात, आणि वजन असतं तिथेच. तरी त्यांचा अर्थ लावायला जमिनीवरची मोजणी लागतेच.

उरलेली तीन मापं निकाल मोजत नाहीत, प्रयत्न मोजतात. आराखडा मंजूर झाला एवढ्याने तो पाळला गेला असं होत नाही. त्यामुळे पाचांची बेरीज करून एकच गुण देत नाहीत हे उत्तमच. नाहीतर प्रमाणपत्रांच्या वाढीआड जैवभाराची घट सहज लपली असती.

प्राणी, कीटक, बुरशी यांची थेट मोजणी या पाचांत कुठेच नाही. त्यासाठी समशीतोष्ण प्रदेशातल्या देशांनी वनव्यवस्थापन जोखण्यासाठी १९९४ मध्ये सुरू केलेल्या मॉन्ट्रियल प्रक्रियेचे सात निकष पाहावे लागतात. त्यांत पहिलाच निकष जैवविविधतेचा आहे.