विनिपेग जेट्स: नाव एक, संघ दोन

आइस हॉकीत गाव सोडून गेलेल्या किंवा बंद पडलेल्या संघांचा विषय निघाला की ‘अमुक संघ परत आणायला हवा’ हे वाक्य हमखास येतं. पण परत आणायचं म्हणजे नेमकं काय? नाव, जर्सी, की विक्रमांची वही? हे सगळं एका गाठोड्यात परत येतं असा समज असतो, आणि विनिपेग जेट्सच्या बाबतीत तो सगळ्यात पक्का असतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या या राजधानीत १९७२ ते १९९६ जेट्स नावाचा संघ खेळला. २०११ पासून तिथे पुन्हा जेट्स नावाचाच संघ खेळतो आहे. गाव तेच, नाव तेच, प्लेऑफला नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत येणारे प्रेक्षकही तसेच. तरीही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या दफ्तरी हे दोन संघ एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

पुणे वॉरियर्स आणि नंतरचा रायझिंग पुणे सुपरजायंट हे दोन वेगळे संघ होते हे आपल्या लगेच लक्षात येतं, कारण नावं वेगळी होती. विनिपेगमध्ये नावही तेच ठेवलं, म्हणून गोंधळ होतो.

पहिले जेट्स

हा संघ जन्मला तो एनएचएलमध्ये नव्हे, तर तिच्याशी स्पर्धा करायला निघालेल्या डब्ल्यूएचए या बंडखोर लीगमध्ये. जून १९७२ मध्ये एनएचएलच्या शिकागो संघाचा तारा बॉबी हल विनिपेगला आला आणि पोर्टेज ॲव्हेन्यू व मेन स्ट्रीटच्या चौकात गर्दीसमोर त्याला १० लाख डॉलरचा चेक देण्यात आला. १९७४ मध्ये स्वीडनहून उल्फ निल्सन आणि अँडर्स हेडबर्ग आले. हलसोबत या दोघांची फळी जमली आणि संघाने १९७६, १९७८ व १९७९ असा तीनदा अव्हको चषक, म्हणजे डब्ल्यूएचएचं विजेतेपद, जिंकला.

१९७९ मध्ये एडमंटन, क्विबेक आणि हार्टफर्डसोबत जेट्स एनएचएलमध्ये आले, पण अटी कडक होत्या. आपल्या खेळाडूंपैकी दोन गोलरक्षक आणि इतर दोघे एवढेच राखून ठेवता येत होते. ज्यांचे हक्क एनएचएलच्या जुन्या संघांकडे होते, ते खेळाडू त्या संघांनी परत ओढून घेतले. परिणाम लगेच दिसला. १९८०-८१ च्या हंगामात ८० पैकी फक्त ९ सामने जिंकले, आणि त्यातच सलग ३० सामने विजयाविना गेले. तळाला राहिल्यामुळे १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड मिळाली आणि डेल हॉवरचक हाती लागला. पुढची नऊ वर्षं संघ त्याच्या खांद्यावर होता: ७१३ सामन्यांत ९२९ गुण. आइस हॉकीत गोलला एक आणि गोलला मदत करणाऱ्या पासलाही एक गुण मिळतो, ही त्यांची बेरीज. १९९२-९३ मध्ये तेमू सेलानेने पदार्पणाच्याच हंगामात ७६ गोल केले. नवख्या खेळाडूचा तो विक्रम अजून उभा आहे.

एवढं असूनही एनएचएलच्या प्लेऑफमध्ये या संघाने जिंकल्या त्या दोनच मालिका, १९८५ आणि १९८७ मध्ये, दोन्ही कॅल्गरीविरुद्ध. एडमंटनने त्यांना सहा वेळा घरी पाठवलं. तो ग्रेट्झकी आणि मेसियर या दिग्गजांचा एडमंटन होता, हे इथे विसरून चालणार नाही.

संघ गेला तो हरल्यामुळे नाही. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये होते आणि तिकिटांचं उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये. नव्वदीच्या मध्याला कॅनेडियन डॉलर ७३ अमेरिकन सेंटच्या आसपास होता, म्हणजे अमेरिकन संघ जो पगार शंभर रुपयांत देई, त्याला विनिपेगचे जवळपास एकशे सदतीस पडत. पगारावर लीगची मर्यादा नव्हती. विनिपेग अरीना जुनं झालं होतं आणि नव्या स्टेडियमचा पैसा उभा राहत नव्हता. १९९५ मध्ये गावकऱ्यांनी वर्गण्या काढल्या, मुलांनी गल्ले फोडून आणले. एक हंगाम लांबला, एवढंच. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध शेवटचा सामना ४-१ ने गेला आणि संघ ॲरिझोनात जाऊन फिनिक्स कायोटीज झाला.

दुसरे जेट्स

दुसऱ्या संघाची जन्मभूमी अटलांटा. १९९७ मध्ये फ्रँचायझी मिळाली आणि १९९९ मध्ये अटलांटा थ्रॅशर्स बर्फावर उतरले. अकरा हंगामांत प्लेऑफ गाठली एकदाच, २००७ मध्ये, आणि तीही न्यूयॉर्क रेंजर्सकडून चारही सामने हरून संपली. मालकांना संघ नकोसा झाला होता. ३१ मे २०११ रोजी मार्क चिपमन आणि डेव्हिड थॉमसन यांच्या ट्रू नॉर्थ कंपनीने १७ कोटी डॉलरला विकत घेतल्याचं जाहीर झालं. त्यातले ६ कोटी हे लीगने घेतलेलं स्थलांतर शुल्क होतं.

१९९६ मध्ये जे जमलं नाही ते २०११ मध्ये जमलं, त्याची कारणं भावनिक नाहीत. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेल्यावर सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, आली होती. २०११-१२ साठी ती ६ कोटी ४३ लाख डॉलर होती, त्यामुळे न्यूयॉर्क किंवा टोरांटोला खर्चात विनिपेगच्या पार पुढे निघून जाता येत नव्हतं. कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला होता. २००४ मध्ये शहराच्या मध्यभागी नवं अरीना बांधून झालं होतं. त्यात खुर्च्या १५,००४, त्या वेळी लीगमध्ये सर्वात कमी, पण त्या भरण्याची हमी होती. ट्रू नॉर्थने १३,००० सीझन तिकिटांचं (अख्ख्या हंगामाच्या तिकिटांचं) लक्ष्य ठेवलं आणि खुली विक्री सुरू झाल्यावर उरलेली तिकिटं काही मिनिटांत संपली.

ट्रू नॉर्थने यात एक पाऊल फार जपून टाकलं, आणि पुढे कुणी संघ परत आणायला निघालं तर तेच करावं. लीगच्या मालकमंडळाची मंजुरी येईपर्यंत त्यांनी नाव जाहीरच केलं नाही. मंजुरी २१ जूनला आली आणि २४ जूनला ड्राफ्टच्या मंचावरून ‘विनिपेग जेट्स’ हे शब्द उच्चारले गेले. आधी नाव फोडून नंतर व्यवहार फिसकटला असता, तर गावाची फसवणूक दुसऱ्यांदा झाली असती.

९ क्रमांकाची जर्सी

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर ९ क्रमांकाकडे पाहा. बॉबी हलच्या सन्मानार्थ पहिल्या जेट्सनी हा क्रमांक निवृत्त केला होता, म्हणजे तो पुन्हा कुणी घालायचा नव्हता. संघ गेला, तसा निवृत्त क्रमांकही फिनिक्सला गेला. २००५ मध्ये तिथे ती जर्सी पुन्हा बाहेर निघाली, ती बॉबीचा मुलगा ब्रेट हल याच्यासाठी. पाच सामने खेळून तो निवृत्त झाला.

इकडे २०११ मध्ये अटलांटाहून इव्हँडर केन आला. त्याचा क्रमांक तिथे ९ होता, विनिपेगमध्येही त्याने ९ च घातला. नियमाने काहीच चुकलं नाही, कारण या फ्रँचायझीने ९ कधी निवृत्त केलाच नव्हता. ज्यांनी हलला त्याच गावात खेळताना पाहिलं होतं, त्यांच्या दृष्टीने मात्र ती वेगळीच गोष्ट होती.

विक्रमांचंही तसंच. आजच्या जेट्सच्या वहीत इल्या कोवलचुकचे ३२८ गोल आणि ६१५ गुण आहेत, आणि त्याने विनिपेगसाठी एकही सामना खेळलेला नाही. हे सगळं अटलांटातलं. उलट हॉवरचकचे ९२९ गुण या वहीत नाहीत. ते कायोटीजच्या वहीत, शेन डोनच्या ९७२ गुणांखाली आहेत. डोन हाच दोन गावांमधला धागा. १९९५ मध्ये जेट्सनी त्याला निवडलं, एक हंगाम तो विनिपेगमध्ये खेळला आणि मग २०१७ पर्यंत ॲरिझोनात.

हे इतक्यावर थांबत नाही. कायोटीज २००९ मध्ये दिवाळखोरीत गेले, लीगने संघ ताब्यात घेतला, आणि शेवटची दोन वर्षं ते विद्यापीठाच्या सुमारे ४,६०० खुर्च्यांच्या अरीनात खेळले. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू आणि कर्मचारी १२० कोटी डॉलरच्या व्यवहारात यूटाला गेले. पण लीगने यूटाला नवी फ्रँचायझी मानलं आणि कायोटीजला ‘निष्क्रिय’ ठरवून त्यांचा इतिहास तिथेच ठेवला. म्हणजे १९७९ ते १९९६ चे जेट्स आज अशा फ्रँचायझीच्या नावावर आहेत, जिच्याकडे ना खेळाडू ना मैदान. मला हे मनापासून खटकतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स १९९६ मध्ये गेले तेव्हा नाव, रंग आणि विक्रम गावातच ठेवायचे असं ठरलं, आणि १९९९ मध्ये नवा संघ आला तेव्हा ती वही त्याच्याकडे दिली. एनएचएलला आता कायोटीजच्या वहीतली विनिपेगची पानं विनिपेगला द्यायला कोण अडवणार आहे?

गावाने आपल्यापुरता निर्णय कधीच घेतला आहे. १७ डिसेंबर २०११ रोजी सेलाने अॅनाहाइमच्या जर्सीत विनिपेगला खेळायला आला, तेव्हा अख्खं अरीना पाहुण्या संघाच्या या खेळाडूसाठी उभं राहिलं. २०१६ मध्ये नव्या जेट्सनी हॉल ऑफ फेम सुरू केला आणि पहिली नावं घेतली ती हल, हेडबर्ग आणि निल्सन यांची. २०२२ मध्ये हॉवरचकचा पुतळा उभारला.

कुठले जेट्स, कसं ओळखायचं

आकडेवारीच्या तक्त्यात तीन अक्षरांचं संक्षिप्त नाव पाहा. ‘डब्ल्यू-आय-एन’ असेल तर जुने, ‘डब्ल्यू-पी-जी’ असेल तर नवे. मधली ‘पी-एच-एक्स’ आणि ‘ए-टी-एल’ म्हणजे फिनिक्स आणि अटलांटा. चुका सर्वात जास्त होतात त्या ‘जेट्सच्या इतिहासातला सर्वोत्तम’ अशा याद्यांत. तिथे दोन्ही वह्या मिसळल्या जातात, आणि डब्ल्यूएचएचे आकडे तर एनएचएल धरतच नाही. हलचे जेट्ससाठीचे बहुतेक गोल तिथलेच.

बोधचिन्हात ‘जेट्स’ हा शब्द ठळक असेल तर ते पहिल्या संघाचं. नव्या मुख्य चिन्हात अक्षरं नाहीत: कॅनडाच्या हवाईदलासारखं वर्तुळ, लाल मेपलचं पान, त्यावर राखाडी लढाऊ विमान. मात्र जर्सीवर एकदम विश्वास ठेवू नका. २०१६ च्या उघड्या मैदानावरच्या एडमंटनविरुद्धच्या सामन्यात नव्या संघाने जुन्या धाटणीची जर्सी घातली होती. कार्ड किंवा कार्यक्रमपत्रिका असेल तर एनएचएलची ढाल पाहा. काळी-नारिंगी ढाल २००५ च्या आधीची, काळी-चंदेरी नंतरची.

व्हिडिओ असेल तर आणखी सोपं. प्रेक्षागृहाच्या भिंतीवर राणी एलिझाबेथचं भलंमोठं चित्र दिसलं तर ते जुनं विनिपेग अरीना, जे २००६ मध्ये स्फोटाने पाडलं. राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ या शब्दांवर प्रेक्षक एकदम ओरडले तर तो नवा संघ. संघ परत आणणाऱ्या कंपनीला दिलेली ती दाद आहे. पांढऱ्या कपड्यांवरून मात्र काहीच कळणार नाही. ती प्रथा १९८७ मध्ये कॅल्गरीच्या लाल गर्दीला उत्तर म्हणून सुरू झाली आणि नव्या संघाने ती जशीच्या तशी उचलली.

पुढचा नंबर कुणाचा

माझ्या मते क्विबेक नॉर्डिक्सचा. १९९५ मध्ये संघ कोलोराडोला गेला आणि पहिल्याच वर्षी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, हा घाव तिथे अजून ओला आहे. १८,२५९ खुर्च्यांचं अरीना २०१५ पासून तयार आहे, पण २०१६ मध्ये लीगने अर्ज पुढे ढकलला आणि लास व्हेगासला संघ दिला. हार्टफर्ड व्हेलर्स कॅरोलायनाला गेले; त्यांची जुनी जर्सी कॅरोलायनाचा संघ अधूनमधून घालतो आणि ती देखणी आहेच, पण हार्टफर्डला आधी अरीनाचाच प्रश्न सोडवावा लागेल.

क्विबेकला उत्साह कमी पडणार नाही. अडचण येईल ती विनिपेगने भोगलेलीच: उत्पन्न कॅनेडियन, पगार अमेरिकन. सॅलरी कॅप खर्चाला वरून लगाम घालते, घसरलेल्या चलनाला नाही. आणि उत्साहाचं म्हणाल तर विनिपेगचीच सीझन तिकिटं १३,००० वरून २०२४ च्या सुरुवातीला ९,५०० च्या आसपास आली होती, तेही संघ चांगला खेळत असताना. १५,००० च्या अरीनात एवढी घसरण लगेच ताळेबंदात दिसते.

संघ आला तरी नॉर्डिक्सचा तारा जो सॅकिक याची क्विबेकमधली वर्षं कोलोराडोच्याच वहीत राहतील. पण एक गोष्ट क्विबेकच्या हातात असेल. नॉर्डिक्सनी चार क्रमांक निवृत्त केले होते: ट्रेम्ब्लेचा ३, टार्डिफचा ८, गुलेचा १६ आणि पीटर स्टास्टनीचा २६. कोलोराडोने ते पुन्हा वापरात आणले, आणि हलच्या ९ सारखाच २६ ही पुढे पीटरच्या मुलाने, पॉलने घातला. नव्या संघाने पहिल्या घरच्या सामन्याआधी हे चार क्रमांक फलकांवर छताला लावावेत. त्यासाठी विक्रमांची वही हातात असावी लागत नाही.