मुख्याध्यापकाविना शाळा : कोकणातील बदलाच्या नेतृत्वाची पार्श्वभूमी

शाळेत नवे काही रुजवायचे असेल तर मुख्याध्यापकांनी पुढाकार घ्यावा, असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाड्यावाड्यांवरच्या कित्येक प्राथमिक शाळांत मात्र हे पदच मंजूर नाही. तिथे दोन शिक्षक असतात आणि त्यांतील सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे 'प्रभार', म्हणजे मुख्याध्यापकाच्या कामाची जबाबदारी, असतो.

शाळेची रीत बदलण्याचा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा अस्पृश्य मानलेल्या मुलांना खुल्या कराव्यात, असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 मध्ये झाला. तरीही रत्नागिरी परिसरात ही मुले इतरांच्या ओळीत बसावीत यासाठी पुढे अनेक वर्षे गावोगाव आग्रह धरावा लागला. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. डोंगरउतारावर विखुरलेली वस्ती आणि पावसाळ्यात सांकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, ओलांडावे लागणारे पऱ्हे (ओढे) पाहता वाडीगणिक शाळा हवी, ही मागणी रास्त होती. त्यातूनच लहान पटाच्या, म्हणजे कमी विद्यार्थिसंख्येच्या, शाळांचे दाट जाळे तयार झाले.

खरा पेच पुढे निर्माण झाला. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला 60 पटापर्यंत दोन शिक्षक दिले आहेत, मुख्याध्यापक मात्र 150 हून अधिक पट असेल तरच. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा 100 आहे. मैदानी मुलखातील मोठ्या गावांना हा हिशेब कदाचित जाचत नसेल, परंतु चाकरमान्यांच्या मागोमाग कुटुंबेही मुंबईला गेल्यामुळे जिथे पट 15-20 वर आला आहे, तिथे 150 हा आकडा गाठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन आणले, शाळा विकास आराखडा मागितला, अध्यापन बालकेंद्री करण्यास सांगितले. म्हणजे शाळेची संस्कृती बदलण्याचे काम सर्वांवर सारखेच सोपवले आणि ते काम पाहणारे पद तेवढे पटाशी बांधले. नियम ठरवताना डोंगरी भागाचा वेगळा विचार व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

'प्रभारी' या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला. प्रभारी शिक्षकांनी सही मुख्याध्यापक म्हणून करायची, माहिती भरण्याची जबाबदारी त्यांचीच, पोषण आहाराचा हिशेबही त्यांच्याचकडे, आणि शिवाय दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवायचे. सहकाऱ्याच्या अध्यापनाचे निरीक्षण करणे हे नेतृत्वाचे मुख्य काम मानले जाते. परंतु दुसऱ्या वर्गात जाऊन बसायचे तर स्वतःचा वर्ग तेवढा वेळ सोडावा लागतो.

तरीही बदल झाले. जून 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाल्यानंतर ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून पाहत शिकण्याच्या, वर्गांची लाट कोकणातही पोहोचली. फरशीवर अंकपट्ट्या रंगवल्या गेल्या, बिया, काड्या आणि शिंपले गणिताचे साहित्य झाले, मुंबईतील गावकऱ्यांच्या मंडळांच्या वर्गणीतून प्रोजेक्टर आले. मालवणी बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या बोलीत सांगू द्यायचे आणि मग प्रमाण मराठीकडे न्यायचे, हा बदल मला प्रोजेक्टरपेक्षा मोठा वाटतो.

हे बदल टिकले की नाही, ते बहुधा बदलीवर ठरले. कोकणात इतर जिल्ह्यांतून आलेले शिक्षक बरेच आहेत आणि आंतरजिल्हा बदलीने गावी परतण्याची त्यांची ओढ स्वाभाविक आहे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय झाल्या आणि 'अवघड क्षेत्रा'तील, म्हणजे दुर्गम गावांतील, सेवेला महत्त्व आले. बदलीच्या दिवशी प्रभाराची यादी होते : कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपत्रके, जनरल रजिस्टर, तांदळाचा साठा, पंखे, बाके. दोन वर्षे खपून बसवलेली वाचनतासाची पद्धत त्या यादीत कुठेच लिहिली जात नाही.

डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यात कोकणातील शाळा मोठ्या संख्येने होत्या. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' हा प्रस्ताव आला. 1964-66 च्या शिक्षण आयोगाने सुचवलेले शाळासंकुल याहून वेगळे होते : त्यात शाळा जागच्या जागी राहून एकमेकींना साधने आणि मार्गदर्शन पुरवणार होत्या. समूह शाळेत मुले एका ठिकाणी येतात आणि वाडीतील शाळा बंद होते. मोठी शाळा झाली की मुख्याध्यापक मिळेल, हा युक्तिवाद खरा आहे. पहिलीतील मुलाने जुलैच्या पावसात तिथवर कसे पोहोचायचे, याचे उत्तर केवळ वाहतूक भत्त्यात सापडत नाही.

दरम्यान, कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडली. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वडील मुंबईत असल्याने बैठकीला बहुधा आयाच येतात. शिक्षक बदलून गेले तरी त्या वाडीतच असतात. काही ठिकाणी नवे शिक्षक जूनमध्ये रुजू झाले तेव्हा वाचनपेटी कुठे आहे आणि ती कोणत्या वारी उघडायची, हे त्यांना या आयांनीच सांगितले.